ब्रेनोलने माझी वाक्यं चोरली

तुम्ही विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवायची सक्तीही नाही. आजवर कुणी ठेवलेला नाही. पण फ्रान्समध्ये सध्या ज्या म्हाताऱ्या लेखकाची वाक्यं लोक कॉफीच्या कपांवर छापून घेतायत, ती वाक्यं माझी आहेत. म्हणजे या वासुदेव कुंभोजकराची. कोल्हापुरात माझं सायकलचं दुकान होतं, आता शारजात मुलाकडे असतो. मी थापा मारतो असं माझ्याबद्दल बोललं जातं. बोलणाऱ्यांपैकी एकानेही अजून पुरावा आणलेला नाही.

झालं ते रविवारी संध्याकाळी. अल नहदातल्या आमच्या सोळाव्या मजल्यावरच्या घरातून दुबई इतकी जवळ दिसते, की हात लांब केला तर समोरच्याच्या बाल्कनीतलं वाळत घातलेलं धोतर ओढता येईल. (धोतर तिकडे कुणी वाळत घालत नाही, पण अंतर कळावं म्हणून सांगतो.) मुलगा नागेश दुबईच्या डीआयपी औद्योगिक भागात, त्याच्या फॅक्टरीत कसलंसं मशीन बंद पडलं म्हणून गेलेला. सून सुमेधा सोफ्यावर. नात मिहिका टेबलाशी लॅपटॉप उघडून. आणि माझी बायको ठकू जमिनीवर पेपर पसरून मेथी निवडत बसलेली.

सुमेधाबद्दल आधीच सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. ती दुबईत बँकेत आहे, कम्प्लायन्समध्ये. तिचं काम काय, तर संशय घ्यायचा. कुणी खातं उघडायला आला की हा माणूस खरंच आहे का, याचे पैसे आले कुठून, हा म्हणतो तसं आहे याला साक्षी कोण, हे सगळं ती खोदून काढते. बँक तिला याचा पगार देते. घरी ती ते फुकट करते.

मिहिका मात्र रडकुंडीला आली होती. तिच्या शाळेत फ्रेंच शिकवायला मॅडम अरफा म्हणून आहेत. त्यांनी प्रोजेक्ट दिलं होतं: एक फ्रेंच कादंबरीकार-नाटककार घ्या, त्याचं आयुष्य आणि त्याची वचनं मांडा. इथवर ठीक. पण वर एक अट: इंटरनेटवर कुठेही नाही अशी एक तरी गोष्ट त्यात पाहिजे, तुम्ही स्वतः शोधलेली. सगळ्यात चांगली दोन प्रोजेक्टं करणारी मुलं फ्रेंचच्या स्पर्धेला अबू धाबीला जाणार. मिहिकाचं नाव गेल्या वर्षी थोडक्यात हुकलं होतं, त्यामुळे पोरीने या वर्षी ते डोक्यात घेतलेलं. प्रोजेक्ट आठच्या आत पाठवायचं होतं आणि शोधलेल्या गोष्टीची जागा रिकामी.

"काहीतरी टाक की," मी म्हटलं.

"आजोबा, यू डोन्ट गेट इट. वेदने लास्ट टर्म टाकलं होतं काहीतरी. म्हणे त्याच्या काकांनी एका फ्रेंच रायटरचे केस कापले होते. मॅडमनी काकांना फोन केला. झीरो मिळाला, अँड ही इज आउट. स्पर्धेच्या लिस्टमधून पण."

"काका न्हावी नव्हते?"

"ही इज अ डेंटिस्ट."

"मग दात म्हणायचं होतं त्याने," मी म्हटलं. सुमेधाने माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला ओळखीचं आहे.

मिहिकाने घेतलेला लेखक होता ओक्ताव्ह ब्रेनोल. ती आपलं लिहिलेलं मोठ्याने वाचून बघत होती, आणि मी कान देऊन ऐकत होतो. जन्म कुठल्याशा बंदरातल्या गावी, आई मासे विकायची. तरुणपणी हा नाटक कंपनीत प्रॉम्प्टर. म्हणजे पंधरा-वीस वर्षं स्टेजच्या खालच्या खोक्यात बसून दुसऱ्याची वाक्यं कुजबुजणं, हा याचा धंदा. मग स्वतःचं नाटक लिहिलं. पहिल्या प्रयोगाला लोक मध्यंतरात कोट घेऊन गेले ते परत आलेच नाहीत. दुसरं मात्र तुफान चाललं. त्यात एक नवराबायको अख्खा वेळ एकमेकांचे खिसे तपासतात. चार कादंबऱ्या लिहिल्या. एकीत दीपगृहाचा रखवालदार आहे, त्याला येणारी प्रत्येक बोट चोरांचीच वाटते. त्यानंतर बारा वर्षं हा माणूस गप्प. एक ओळ नाही. आणि या वर्षी अचानक वचनांचं पुस्तक, फ्रान्सभर गाजलेलं.

मला तिथेच वास आला. बारा वर्षं आटलेल्या विहिरीला एका हिवाळ्यात पाणी कसं लागतं? मी सायकलवाला माणूस. मोडकी सायकल चढावर पळायला लागली की मी सायकलीकडे बघत नाही, मागून कोण ढकलतंय ते बघतो.

"फोटो दाखव बघू त्याचा," मी म्हटलं.

तिने लॅपटॉप वळवला. मोठे कान, गळ्यात गुंडाळलेला मफलर, आणि समोरचा काय लपवतोय ते आधीच कळल्यासारखं तिरकं हसू.

"हा तर आपला बाकावरचा," मी म्हटलं.

ठकूचा मेथीवरचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला.

"कुठल्या बाकावरचा?" सुमेधाने विचारलं.

"आधी याची वचनं वाच गं जरा," मी मिहिकाला म्हटलं. "एक वाच. कुठलंही."

तिने फ्रेंचमध्ये काहीतरी वाचलं आणि मराठीत आणायला लागली. "दूध... उतू जायच्या आधी... बिहेव्ज लाइक, काय म्हणतात, सेंट..."

"दूध उतू जायच्या आधी अगदी साधू झालेलं असतं," मी म्हटलं. "हे माझं आहे."

खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न दाबून धरला होता.

"बाबा," सुमेधा म्हणाली, "तुम्ही आयुष्यात दूध तापवलंयत का कधी?"

"दुकानात स्टोव्ह होता. चहा व्हायचा."

"तुमच्या दुकानात चहा समोरच्या हॉटेलातून यायचा. नागेशनेच सांगितलंय मला. तो आणायला जायचा."

"दुपारचा तिकडून. सकाळचा आम्ही करायचो," मी म्हटलं. असल्या किरकोळ गोष्टींना अडून राहिलं तर माणूस मोठं सत्य सांगणार कधी?

मग मी त्यांना सगळं सांगितलं. तुम्हालाही सांगतो.

गेल्या हिवाळ्यात, घरातली सगळी आपापल्या कामाला गेलेली असताना, मी आणि ठकू रोज ऊन उतरलं की खाली जायचो. ठकू फेऱ्या मारायची. मी बिल्डिंगच्या मागच्या दाराशी, पार्कच्या कुंपणाला लागून जो बाक आहे, त्यावर बसायचो. एक दिवस त्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला हा मफलरवाला येऊन बसला. याची मुलगी पलीकडच्या टॉवरमध्ये राहते, दुबईत बालवाडीत शिकवते. दुबईचं भाडं फ्रेंच माणसालाही झेपत नाही, तेव्हा तीही आमच्यासारखी शारजातच राहते. हा थंडी टाळायला तिच्याकडे आलेला. मी मराठीत काहीतरी म्हटलं. यानं फ्रेंचमध्ये काहीतरी म्हटलं. दोघांनाही समजलं नाही, त्यामुळे भांडण झालं नाही.

"मग बोललात कसे?" सुमेधा.

"हम्माद होता ना."

हम्माद आमच्या बिल्डिंगचा वॉचमन, पेशावरकडचा. इकडे येण्याआधी मार्सेय नावाच्या शहरात हॉटेलात भांडी घासत त्याने कैक वर्षं काढलेली. त्यामुळे फ्रेंच बोलतो आणि आपलं हिंदी पण. तो मधे खुर्ची टाकून बसायचा. मी हिंदीत सांगायचो, तो फ्रेंच करायचा, मफलर मान हलवायचा.

पण मला माणूस ठीक वाटेना. मी बोलत असेपर्यंत हा नुसता ऐकायचा, डोळे अर्धे मिटून. मी थांबलो, की याचा हात कोटाच्या खिशात. कागदाचा तुकडा बाहेर, पेन्सिल बाहेर, भरभर काहीतरी लिहिणं, परत खिशात. एकदा मी हम्मादला म्हटलं, विचार रे, काय लिहितो हा? तर म्हणे मुलीने सामान आणायला सांगितलंय ते लिहितोय. रोज सामान? आणि ते नेमकं माझं वाक्य संपल्यावरच आठवतं?

"मग मी सापळा लावला," मी म्हटलं.

मिहिका लॅपटॉप सोडून माझ्याकडे वळली होती. हिला लहानपणी मी हत्तीवरून केलेल्या प्रवासाचं सांगायचो तेव्हा ही अशीच वळायची. नंतर हिने गूगल केलं.

"एके दिवशी मी एक मुद्दाम तिरकं वाक्य टाकलं. कुठल्याच शहाण्या माणसाला सुचणार नाही असं. म्हटलं हे जर कधी छापून आलं, तर चोर सापडला. आता तू बघ. मी ते आत्ता बोलतो, आणि तू त्या यादीत शोध. मी यादी बघितलेली नाही. मला फ्रेंच येत नाही. बरोबर?"

"बरोबर."

"नवरा खरं बोलायला लागला की समजावं, साक्षीदार घरात आलाय."

सुमेधा हसली, न हसायचं ठरवलं होतं तिने, पण हसली. मिहिका बोटाने यादी खाली सरकवत राहिली. सरकवत राहिली. मग तिचं बोट थांबलं.

"मम्मा," ती हळू आवाजात म्हणाली, "इट्स हिअर."

सुमेधा उठून टेबलाशी गेली. वाचलं. तिला फ्रेंच येत नाही, तिने मिहिकाकडून शब्दाशब्दाचा अर्थ लावून घेतला. नवरा. खरं. साक्षीदार. घरात. मग ती कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

"दुपारी मिहिका क्लासला गेली होती तेव्हा लॅपटॉप उघडा होता," ती म्हणाली.

"मला लॅपटॉप चालू करता येत नाही. तूच मला गाढव म्हणालेलीस त्यावरून."

"मी गाढव म्हटलं नव्हतं."

"तुझ्या चेहऱ्याने म्हटलं होतं."

"आणखी एक सांगा," सुमेधा म्हणाली. "मी यादीतून निवडून विचारणार नाही, तुम्ही आधी बोला."

मी बोललो. पाहुणा जेवणाची फार स्तुती करायला लागला की समजावं, त्याला आणखी वाढून नकोय. मिहिकाला ते सापडलं. ज्याला घाई नसते त्याच्यावर नजर ठेवावी, त्याने काहीतरी आधीच उरकलेलं असतं. हेही सापडलं. मिहिकाचे गाल लाल व्हायला लागले. आणि खरं सांगायचं तर एवढी सगळी निघतील असं मलाही वाटलं नव्हतं.

ठकू गप्प होती. बेचाळीस वर्षांत मी एक शिकलोय, ठकू गप्प असली की माणसाने पंख्याखाली बसू नये. पण त्या वेळी माझं तिकडे लक्ष नव्हतं.

"आजोबा, डू यू नो व्हॉट धिस मीन्स?" मिहिका उठून उभीच राहिली. "फ्रान्सचा एवढा मोठा रायटर, ट्वेल्व्ह इयर्स काही लिहिलं नाही, आणि ही गॉट इट ऑल फ्रॉम अवर बिल्डिंग. हे कुणाकडेच नाही. मॅडम विल डाय."

"थांब," सुमेधा म्हणाली. "मॅडम काकांना फोन करतात ना? मग आपणच आधी करू. हम्मादला लावते."

मला घाम फुटला असं तुम्हाला वाटेल. नाही फुटला. एसी होता.

तिने फोन स्पीकरवर टाकला. मागे लिफ्टचं दार उघडमिट होत असल्याचा आवाज येत होता.

"हम्मादभाई, सोला सौ तीन से सुमेधा. एक बात पूछनी थी. पिछली सर्दी में पीछेवाले बेंच पे कोई फ्रान्स का बुजुर्ग बैठता था?"

"हां मॅडम, बैठता था ना. मफलरवाला. सामने टॉवर में बेटी है उसकी."

"और आप उसके लिए ट्रान्सलेट करते थे?"

"बिल्कुल करता था. रोज. बहुत हंसता था वो. बोलता था, हम्माद, ऐसी बात तो पॅरिस में भी कोई नहीं करता." पलीकडून कुणीतरी पार्सल आलंय म्हणून ओरडलं. "क्या हुआ मॅडम, कोई कंप्लेंट है?"

"नहीं नहीं. शुक्रिया."

तिने फोन ठेवला. माझी सून दहा वर्षं त्या बँकेत आहे. अरबस्तानातले, रशियातले, कुठकुठले बिलंदर तिने उघडे पाडलेत. ती माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, सॉरी."

हे 'सॉरी' मी फ्रेम करून लावणार होतो.

मिहिका टाइप करायला बसली. साडेसात होऊन गेले होते. बोटं पटापट चालली होती आणि मधूनमधून ती विचारत होती. हे वाक्य तुम्हाला कसं सुचलं? ते साक्षीदारवालं? मी सांगत गेलो. म्हटलं, दुकानात एक गिऱ्हाईक यायचा, बायकोला सांगायचा टायर बदलला, आणि बदललेली असायची फक्त हवा. एकदा बायको बरोबर आली आणि त्या दिवशी गडी असा खरं बोलायला लागला, की मी पान्हा हातात धरून ते वाक्य बोललो. मिहिका म्हणाली, वॉव. पाहुण्याचं कसं सुचलं? म्हटलं, आमच्याकडे ठकूचे मामा यायचे. सुमेधानेही विचारलं, आणि तिच्या विचारण्यात आता बँक नव्हती. "बाबा, आणि हे घाई नसलेल्या माणसाचं?"

"ते," मी म्हटलं, "एका चोरावरून. पोलीस आले तेव्हा सगळे पळाले आणि तो एकटा केळी खात उभा होता."

"मग त्या ब्रेनोलवर केस करायला पाहिजे खरं तर," सुमेधा म्हणाली.

"जाऊ दे. म्हातारा आहे. मी माफ केलंय," मी म्हटलं. "पण नाव यायला पाहिजे. मिहिकाच्या प्रोजेक्टात तरी खरा मालक कोण ते लिहिलं गेलं पाहिजे. मॅडम अरफांनी फोन केला तर मी बोलेन त्यांच्याशी. हम्मादही बोलेल."

"ओके," मिहिका म्हणाली, "लास्ट लाइन. 'द रिअल ऑथर ऑफ दीज सेइंग्ज इज माय ग्रँडफादर.' फुल नेम सांगा. वासुदेव, देन?"

"वासुदेव रामचंद्र कुंभोजकर. सायकल मार्ट, कोल्हापूर, तेही लिही. मॅडमना कळू दे."

"पोरी, थांब," ठकू म्हणाली.

मेथीच्या काड्या एका बाजूला, पानं एका बाजूला झाली होती. तिने पेपर चार बाजूंनी उचलून गाठोडं बांधलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि टेबलापर्यंत आली.

"आजी, पाच मिनिटांत पाठवायचंय."

"म्हणूनच म्हणते थांब. उद्या त्या मॅडमनी हम्मादला फोन लावला, तर तुझा वेद होईल. सुमेधा, एवढी तू बँकेतली. हम्मादला विचारलंस फ्रान्सवाला होता का. विचारलंस तो भाषांतर करायचा का. त्याच्या शेजारी बाकावर कोण बसायचं, हे विचारलंस?"

सुमेधाने टेबलावरच्या फोनकडे बघितलं.

"ठकू," मी म्हटलं, "मेथीला मीठ लावून ठेवतेस ना?"

"परक्या बाईचा विषय आपणहून काढत नाहीत, हम्मादकडची माणसं. विचारल्याशिवाय तो सांगायचा नाही. आणि ही वाक्यं कुणाला बघून सुचली, तेही मला विचारा, यांना काय ठाऊक. रोज रात्री मी येऊन सांगायचे, आज काय काय बोलले, तो कसा हसला. हे पडल्या पडल्या ऐकायचे." मग ती माझ्याकडे वळली. "अहो, तुम्ही त्या बाकावर एक दिवससुद्धा बसलेले नाहीत. तुम्ही समोरच्या कॅफेटेरियात करक चहा प्यायचा, डॉक्टरने साखर बंद केलेली असताना. वर पराठा. बाकावर मी बसायचे. खोटं बोलताय तुम्ही."